‘आएगा आनेवाला’ : तबकडी, एलपी, फिल्म की मोबाइलवरची फाइल?

‘महल’ चित्रपटातल्या या गाण्याची एखादी प्रत चांगली की वाईट हे ठरवायला अख्खं गाणं ऐकावं लागत नाही. ‘ख़ामोश है ज़माना’पासून ठेका सुरू होईपर्यंतचा, मिनिटभराहून थोडा मोठा तुकडा पुरतो. तेवढ्या वेळात गाणारी कुठूनतरी लांबून चालत जवळ आली असं ऐकू आलं, तर प्रत ठेवावी. पहिल्या अक्षरापासूनच ती कानाला लागून उभी असेल, तर तिच्यावर पैसे आणि मोबाइलमधली जागा दोन्ही घालवू नयेत. आज मिळणाऱ्या प्रतींपैकी बऱ्याच इथेच गळतात. त्या का गळतात हे कळायला गाणं कसं मुद्रित झालं ते आधी पाहावं लागतं.

साल १९४९, मालाडची बॉम्बे टॉकीज. दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोहींचा हा पहिलाच चित्रपट. कॅमेऱ्यामागे योसेफ वर्शिंग, संकलनाला बिमल रॉय, पडद्यावर अशोककुमार आणि मधुबाला. शब्द नक्शब जारचवी यांचे, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. लता मंगेशकर तेव्हा जेमतेम विशीच्या. आदल्याच वर्षी ‘ज़िद्दी’मध्ये खेमचंद प्रकाशांनी त्यांच्याकडून ‘चंदा रे जा रे जा रे’ गाऊन घेतलं होतं. ‘महल’मध्ये मात्र गरज वेगळी होती. ओसाड हवेली, रात्र, आणि कुठून येतो ते कळू नये असा बाईचा आवाज. नायकाला तो आधी लांबून ऐकू यायला हवा आणि मग हळूहळू खोलीत शिरायला हवा.

आज हे काम एक बटण फिरवून होतं. तेव्हा घुमारा आणि अंतर यांचा हवा तसा भास करून देणारी यंत्रं इथल्या स्टुडिओत नव्हती. पुढे जगभर वापरलं गेलेलं ईएमटी कंपनीचं प्लेट रिव्हर्बसुद्धा (धातूच्या पत्र्याच्या कंपनातून घुमारा देणारं यंत्र) १९५७ साली आलं. म्हणून प्रत्यक्ष अंतरच वापरलं गेलं. लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी : माइक खोलीच्या मधोमध, त्या एका कोपऱ्यात. सुरुवातीच्या ओळी गात एकेक पाऊल पुढे यायचं आणि ‘आएगा’वर येईपर्यंत माइकपाशी पोहोचायचं. पाऊल, श्वास आणि सूर तिन्ही जुळायला हवेत. टेप कापून जोडण्याची सोय नसल्यामुळे कुणाही एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं. शब्दही नेमके त्याच कामाचे आहेत. त्या ओळींत कुणाच्या तरी चालण्याची चाहूल लागते, आणि ती गाणारी खरोखरच चालत असते.

हे चालणं आणि नुसता आवाज वाढवणं यांत फरक आहे, आणि प्रत पारखताना तोच लक्षात ठेवायचा. बंद खोलीत माइककडे दोन प्रकारचा आवाज येतो : तोंडातून सरळ आलेला, आणि भिंतींवर आपटून आलेला. गाणारी माइकच्या निम्म्या अंतरावर आली की सरळ आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. भिंतींवरून येणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे चालत येताना आवाज मोठा होतो तसंच त्यातलं सरळ आणि परतलेल्या आवाजाचं प्रमाणही बदलत जातं. सुरुवातीला शब्दांच्या कडा बोथट असतात, ‘ख’ आणि ‘श’ धूसर असतात. जवळ येता येता त्यांना धार येते. हे प्रमाण मुद्रणातच घट्ट बसलेलं आहे. नंतर ते नीटसं वेगळं काढणं फार अवघड, पण बिघडवणं मात्र सहज जमतं.

बिघडवण्याचा सगळ्यांत सर्रास प्रकार म्हणजे खरखर काढणं. लाखेच्या जुन्या तबकडीची खरखर पातळीने जवळपास सारखी असते, आणि पहिल्या मिनिटात आवाज मुद्दामच हळू आहे. साहजिकच त्या तुकड्यात लांबचा आवाज, खोलीचा घुमारा आणि खरखर तिघं एकाच पातळीवर एकमेकांत मिसळलेले असतात. खरखर ओळखून पुसणारं सॉफ्टवेअर घुमारा आणि खरखर यांत भेद करू शकत नाही; दोन्ही पुसतं. मग ओळ संपली की आवाजाची शेपटी कापल्यासारखी तुटते, ओळींच्या मध्ये पोकळ शांतता येते, आणि स्वर लांबवला की त्याभोवती पाण्याखालच्यासारखी गुळगुळ ऐकू येते. अशी प्रत पहिल्या कानाला ‘स्वच्छ’ वाटते. म्हणूनच ती खपते. ‘रीमास्टर्ड’ असं लिहिलेल्या प्रतीवर विश्वास ठेवण्याआधी पहिल्या दोन ओळींमधली जागा हेडफोन लावून ऐका. तिथे खोलीचा श्वास ऐकू यायला हवा. मग थोडी खरखर सोबत आली तरी चालेल.

दुसरा प्रकार नकली स्टिरिओचा. मूळ मुद्रण मोनो आहे, एकच माइक, एकच वाहिनी. पुढच्या काळात जुन्या गाण्यांच्या पुनर्प्रकाशनांत डावीकडे खर्ज आणि उजवीकडे तार, किंवा एका बाजूला किंचित उशीर, अशी फोड करण्याची पद्धत होती. हेडफोनवर गाणारी एका जागी उभी न राहता डोक्यात पसरलेली वाटली, तर तोच प्रकार. प्लेअरमध्ये ‘मोनो’चं बटण असेल तर दाबून पाहा. अस्सल मोनो प्रतीला काही होत नाही. नकली स्टिरिओ प्रतीत आवाज पोकळ होतो किंवा बारीक पडतो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये, ऐकण्याच्या सोयींखाली ‘मोनो ऑडिओ’ असतो, तो याच कामाला येतो.

तिसरा प्रकार म्हणजे सगळं गाणं एकाच पातळीवर दाबून बसवणं, म्हणजे कॉम्प्रेशन. सुरुवातीचा हळू भाग वर ओढला जातो, आणि चालत येण्याचा निम्मा परिणाम तिथेच संपतो. एक बारकावा : स्ट्रीमिंग ॲप्स वेगवेगळी गाणी एकसारख्या पातळीला आणतात, त्याने या गाण्याचं नुकसान होत नाही, कारण अख्खं गाणं सारखंच वर किंवा खाली सरकतं. नुकसान होतं ते ‘लाउड’ किंवा ‘गोंगाटात ऐकण्यासाठी’ असे पर्याय चालू असतील तर. ते बंद करा. वरून घातलेला इको हा याच जातीचा चौथा अपराध. दूर उभ्या असलेल्या आवाजाला वरून आणखी घुमारा दिला की ‘आएगा’वर ती जवळ येतच नाही. झंकार बीट्सबद्दल काही बोलायला नको. ज्या भागात मुद्दाम ठेका ठेवलेलाच नाही, तिथे ढोल वाजवणाऱ्याला हे गाणं कळलेलं नाही, एवढंच.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे. पहिली अर्थातच ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी तबकडी. दहा इंची, लाखेची, एका बाजूला फार तर सव्वातीन-साडेतीन मिनिटं. पूर्ण गाणं पाच मिनिटांच्या पुढे जातं, म्हणून ते दोन बाजूंवर विभागलेलं. एक बाजू संपली की तबकडी उलटायची. लेबल नीट वाचा. गाणारीच्या नावाच्या जागी ‘कामिनी’ असेल तर ते चित्रपटातल्या पात्राचं नाव आहे, आणि अशा प्रती जुन्या छापाच्या. रेडिओवर गाणं वाजायला लागल्यावर ही कामिनी कोण अशी विचारणा करणारी पत्रं आली आणि मग कंपनीकडून लताबाईंचं नाव मिळवून जाहीर करावं लागलं, असं सांगितलं जातं. संग्राहक त्यामुळे ‘कामिनी’ छापाला जास्त मोजतात. ऐकण्यासाठी घेणाऱ्याने त्या मोहात पडू नये. लेबल जुनं असलं तरी खाचा झिजलेल्या असतील, तर नंतरच्या छापाची धड प्रत कितीतरी बरी.

मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तबकडी हातात घेतलीत की चार गोष्टी पाहा. पहिली, तिरप्या उजेडात खाचांचा रंग. काळ्या आणि चमकदार असतील तर छान. राखाडी पट्टे दिसले तर पोलादी सुयांनी खाचा खाल्लेल्या आहेत, आणि आवाज वर चढला की तिथे चिरका होणार. दुसरी, केसासारखा तडा. नखाने हलकेच चाचपा आणि कडेपाशी दोन्ही बाजूंनी पाहा. तडा असेल तर वाजवताना दर ०.७७ सेकंदाला एक ‘टक’ ऐकू येतो, कारण ७८ फेऱ्यांच्या वेगाने एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. तिसरी, मधलं भोक मोठं झालंय का. तबकडी मध्यापासून सरकून फिरली की स्वर दर फेरीला वर-खाली हेलकावतो. ठेक्याच्या भागात तो लपतो. पण सुरुवातीच्या लांब, ठेक्याविना स्वरांत लगेच पकडला जातो. चौथी गोष्ट या गाण्याला खास लागू होते : बाहेरच्या कडेच्या पहिल्या काही खाचा. तिथेच लोक सुई टाकतात, तिथेच ती घसरते, आणि पिढ्यान् पिढ्यांचे ओरखडे तिथेच साठतात. नेमकं तिथेच आपलं ते मोलाचं मिनिट आहे. विक्रेता ‘मधून वाजवून दाखवतो’ म्हणाला तर नको म्हणा. पहिल्या बाजूची सुरुवातच वाजवायला लावा.

खरं तर तबकडीची बाहेरची कडच सगळ्यांत चांगली वाजायला हवी. दहा इंची तबकडीवर बाहेरच्या खाचांत सुईखालून सेकंदाला जवळपास ९८ सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ ती ४० च्या आसपास येते. वेग जितका जास्त तितके बारीक स्वर सुबक उमटतात. सुदैवाने हळू, नाजूक सुरुवात याच उत्तम जागेवर आली आहे. म्हणून सुरुवात शाबूत असलेली तबकडी मिळाली, तर दुसऱ्या बाजूच्या शेवटी थोडी झीज असली तरी ती घ्यावी. उलट्या परिस्थितीतली तबकडी, लेबल कितीही देखणं असो, भिंतीवर टांगायच्या कामाची.

धुणं. स्पिरिट, आयसोप्रोपिल, सॅनिटायझर, काच पुसायचे फवारे यातलं काहीही लाखेला लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. एलपीसाठी, म्हणजे नंतरच्या विनाइलच्या तबकड्यांसाठी, विकली जाणारी बरीच तयार द्रावणं अल्कोहोलची असतात, त्यामुळे बाटलीवरचं वाचा. अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य, बिनरंगी डिटर्जंटचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल फिरवत. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून, मायक्रोफायबरने टिपून, उभी वाळवा. उन्हात नाही, हेअर ड्रायरने नाही, लाख वाकते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर दिसणारा पांढरा थर बहुतेक वेळा बुरशीचा असतो आणि वरवरचा असेल तर या धुण्याने जातो. खाचांत रुतलेला असेल तर ठिपक्या-ठिपक्यांची चरचर राहतेच. ठेवताना उभ्या, कागदी पाकिटात. एकावर एक रचून ठेवल्या की खालच्या तडकतात.

वाजवायचं कशावर? किल्लीच्या ग्रामोफोनवर ही तबकडी शोभते, पण साउंडबॉक्सचं (सुई धरणाऱ्या डोक्याचं) वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असतं आणि दर बाजूला नवी पोलादी सुई लागते. तीच सुई दोन-तीनदा वापरली की तिची टोकं छिन्नीसारखी होतात. चांगली प्रत तिथे वाजवणं म्हणजे ती संपवणं. एलपीच्या सुईवर ७८ वाजवणंही चूकच : एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर ७८च्या खाचेला ३ मिलच्या आसपास लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, जिथे संगीत नसतं, धूळ असते. खरखर वाढते आणि लोक दोष तबकडीला देतात.

नव्याने घ्यायचं असेल तर ७८चा वेग असलेला टर्नटेबल, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२० मालिकेतला, आणि त्याला ७८ची सुई. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम६७०एसपी हे काडतूस (कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग) ३ मिल टोकाचं आहे आणि ५ ग्रॅमच्या आसपासच्या दाबावर चालतं. झिजक्या, किंचित वाकड्या भारतीय तबकड्यांवर ते जास्त ठाम बसतं. ऑर्टोफॉनचं टूएम ७८, टोक ६५ मायक्रॉन, दाब १.८ ग्रॅम, स्वच्छ आणि सपाट तबकडीवर त्याचा आवाज जास्त नितळ, पण वाकडी तबकडी आली की उडी मारू शकतं. जुन्या बाजारातून आणलेल्या तबकड्यांसाठी आमचा कौल पहिल्याला. दाब वाढवायला घाबरू नका. कमी दाबावर सुई खाचेत थरथरते आणि उलट जास्त नुकसान करते.

त्यानंतरची अडचण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. आजच्या जवळजवळ प्रत्येक फोनो प्रीअँपमध्ये (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रात) एलपीसाठीची आरआयएए दुरुस्ती, म्हणजे खर्ज आणि तार यांचा ठरलेला समतोल, बसवलेली असते. ती १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबलनं तार कापते आणि खर्जही ७८च्या हिशेबापेक्षा जास्त उचलते. त्या काळच्या एचएमव्हीच्या ७८ तबकड्या अशा कापणीसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यांचा खर्जाचा वळणबिंदू (ज्याच्या खाली मुद्रणात खर्ज दाबला जाई) २५०-३०० हर्ट्झच्या आसपास, तार बऱ्याच अंशी सपाट. परिणामी आरआयएएतून ऐकलं की लताबाईंचा आवाज पांघरुणातून आल्यासारखा वाटतो, आणि ‘जुनं रेकॉर्डिंग, असंच असणार’ असं म्हणून गप्प बसलं जातं. अँप्लिफायरवर ट्रेबल वाढवून आणि बास थोडा उतरवून काम बऱ्यापैकी भागतं. नीट करायचं असेल तर संगणकात घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या फिल्टर कर्व्हमध्ये आरआयएए उलटा लावा आणि मग ७८चा योग्य वक्र. तार उचलली की खरखरही उचलली जाते हे मान्य. पण शब्दांच्या कडा तिथेच असतात, आणि दुरून जवळ येणं कळतं ते त्या कडांवरूनच.

घरी उतरवून घेणाऱ्यांसाठी क्रम महत्त्वाचा. स्टिरिओ काडतुसाने २४ बिटवर घ्या, मग दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो करा. सुई वर-खाली हलल्याने येणारा बराच कचरा तिथेच जातो. आधी टकटक काढा (क्लिक रिमूव्हल, हलक्या मात्रेत), मग वक्र लावा, मग ४०-५० हर्ट्झच्या खालची घरघर कापा. खरखर कमी करायची तर सगळ्यांत शेवटी आणि फार तर ६ डेसिबल. खरखरीचा नमुना गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचांतून घ्या. दोन ओळींच्या मधून घेतलात तर खोलीचा घुमाराच खरखर समजून पुसला जाईल. वर सांगितलेली गुळगुळ बहुधा याच चुकीची.

वेगाची खात्री स्ट्रोबोस्कोपच्या चकतीवर (विजेच्या दिव्याखाली वेग दाखवणाऱ्या, रेषा आखलेल्या चकतीवर) करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ७७ रेषांचा पट्टा स्थिर दिसला की वेग ७७.९२, म्हणजे बरोबर. चकती ६० हर्ट्झवाली अमेरिकन असेल तर ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ती चुकीचा वेग दाखवते. ऑनलाइन मागवताना हे तपासा. दोन बाजू जोडताना जोडाच्या आधीचा आणि नंतरचा षड्ज जुळतो का ते तानपुऱ्याच्या ॲपवर पाहा, मग तिथे एक तृतीयांश ते अर्ध्या सेकंदाचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक बाजू विरत जाताना दुसरी वर येऊ द्या. गायकीवर क्रॉसफेड कधीच नको, नुसत्या खरखरीवर.

एलपी आणि सीडी यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लताबाईंच्या संकलनांत हे गाणं हमखास असतं, एलपीची सामान्य सुई चालते, आणि धड अवस्थेतली मोनो एलपी ७८पेक्षा शांत वाजते. स्लीव्हवर ‘स्टिरिओ’ असं लिहिलेली १९४९ची गाणी टाळा, कारण वर आलंच आहे. सीडी जितकी जुनी तितकी बहुधा बरी, कारण सुरुवातीच्या काळात खरखर पुसण्याची साधनं महाग होती आणि कमी वापरली जात. दुकानदार वाजवून देत नसेल तर एलपी घेण्यात तोटा आहे, सीडी घेण्यात फारसा नाही.

स्ट्रीमिंगवर मात्र गोंधळ. तबकडीवरच्या मुद्रणाचा हक्क भारतीय कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचा. १९४९च्या मुद्रणाचा तो २००९ अखेर संपला. म्हणून एकाच गाण्याच्या डझनभर प्रती वेगवेगळ्या लेबलांखाली दिसतात, आणि त्यांतल्या कितीतरी कुणीतरी एका सीडीवरून पुन्हा पुन्हा ढवळलेल्या असतात. कोणती प्रत कुठून आली हे थोडा कान लावला की कळतं. दर ०.७७ सेकंदाला येणारी टकटक म्हणजे मूळ ७८वरून. दर १.८ सेकंदाला येणारी म्हणजे मधे एलपी होती, कारण ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी तेवढ्या वेळाची. टकटक नाही, पण सतत सळसळ आहे, मधूनच धुळीची फटफट आहे आणि तार अर्ध्यात तुटल्यासारखी आहे, तर प्रत फिल्मच्या ध्वनिपट्टीवरून घेतलेली. मध्येच एका जागी खरखरीचा पोत एकदम बदलला तर तो दोन बाजूंचा सांधा, आणि तो ऐकू येणं ही वाईट खूण नाही. उतरवणाऱ्याने जास्त लपवाछपवी केलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. फ्लॅक (काहीही न गाळता साठवणारी फाइल) की एमपीथ्री हा वाद इथे दुय्यम आहे. घुमारा आधीच पुसलेली फाइल फ्लॅक केली म्हणून तो परत येत नाही. मोनो गाण्याला चांगल्या एन्कोडरचा १९२ केबीपीएस एमपीथ्री पुरून उरतो.

निवड करायची तर अशी करा : ॲपमध्ये गाणं शोधून पहिल्या पाच-सहा प्रतींचं पहिलं मिनिट लागोपाठ ऐका, आवाज न बदलता. ज्या प्रतीत सुरुवातीला आवाज वाढवावासा वाटेल आणि ‘आएगा’ आल्यावर किंचित कमी करावासा वाटेल, ती ठेवा. फोनच्या स्पीकरवर ही परीक्षा होत नाही. तिथे सुरुवात जवळपास गायबच होते.

फिल्मच्या प्रतीचा हिशेब थोडा निराळा. ऑप्टिकल ध्वनिपट्टीची (फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापलेल्या आवाजाची) तार ८ किलोहर्ट्झच्या आसपास संपते, म्हणजे शब्दांची धार तबकडीपेक्षा कमी. पण चालत येण्याचा परिणाम ज्यासाठी योजला तो दृश्याचा अंधार इथे सोबत असतो, आणि गाणं तबकडीच्या बाजूंत विभागावं लागलेलं नसतं. इथली खास खोड वेगाची. २४ चौकटींची फिल्म दूरदर्शनसाठी किंवा पॅल पद्धतीच्या डीव्हीडीसाठी २५ चौकटींनी चालवली की सगळं ४ टक्क्यांहून थोडं जास्त जलद होतं, आणि स्वर पेटीवरच्या एका पट्टीच्या सुमारे सात दशांश इतका वर जातो. लताबाईंचा आवाज आधीच कोवळा. असा चढवला की तो बाहुलीचा होतो. ओळखायला सोपं आहे : सव्वापाच मिनिटांचं गाणं अशा प्रतीत जवळपास तेरा सेकंदांनी लवकर आटोपतं. व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करून पट्टीही सोबत उतरू दिलीत, म्हणजे ‘पिच जपा’ हा पर्याय बंद ठेवलात, की ते बऱ्यापैकी जागेवर येतं.

ऑर्केस्ट्रातल्या आणि रिॲलिटी शोमधल्या आवृत्त्यांना एकच दोष लागू पडतो. माइक हातात असतो, त्यामुळे चालण्याला अर्थ उरत नाही, आणि सुरुवातीला इको लावून ठेका आला की तो काढून टाकतात. गायिका कितीही सुरेल असो, अंतर त्यात नसतं. एखाद्या गायिकेला मंचावर हे करून पाहायचंच असेल, तर स्टँडवरचा माइक, बंद मॉनिटर (गायिकेकडे तोंड केलेले स्पीकर) आणि आठ-दहा पावलांची मोकळी जागा एवढंच लागतं. फक्त सभागृह लहान हवं आणि ध्वनियोजकाने फेडरवरचा (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवरचा) हात काढून घ्यायला हवा. पहिल्या ओळीला आवाज कमी पडला की तो फेडर वर करतो, सरळ आणि परतलेला आवाज दोन्ही एकत्रच चढतात, आणि गायिका चालायच्या आधीच पोहोचलेली असते.